वरी नाही

पोंगलला गेटाला बांधलेले ऊस वाळले आणि वाऱ्याने एकमेकांवर आपटून वाजायला लागले, की आमच्या घरात एक वाक्य सुरू होतं. बजेट होऊ दे, मग बघू. मिक्सरचं भांडं खालून गळतंय, बजेट होऊ दे. पुढच्या खोलीतला पंखा कुरकुरतो, बजेट होऊ दे. एकदा साताऱ्याहून नणंदेने लेकीच्या लग्नाला तुम्ही कधी निघणार असं फोनवर विचारलं, तेव्हाही सुधीरच्या तोंडून हेच वाक्य गेलं. नणंद पुढे बरेच दिवस माझ्याशीच तुटक बोलत होती, जणू नवऱ्याला ते वाक्य मी शिकवलं होतं.

यंदाही ऊस वाजतायत. तै महिना लागला आहे, म्हणजे आधीच्या मार्गळीत, इथल्या धनुर्मासात, अडून राहिलेली सगळी लग्नं एकदम सुटली आहेत. मद्रासमधल्या आमच्या वेलचेरीतल्या कार्यालयांच्या दारांना घडांसकट केळीचे खांब उभे राहिलेत, पहाटे नादस्वरम् ऐकू येतं, आणि कोपऱ्यावरची फूलवाली हातभर मोगऱ्याला भलताच भाव सांगते. का म्हणून विचारलं तर म्हणते, "मुहूर्तम्, मा." खुलासा संपला. लग्नं आहेत म्हणून फुलं महाग, लग्नं संपली की स्वस्त. एवढं अर्थशास्त्र मला समजतं. दिल्लीहून येणाऱ्या बजेटाने मात्र मला दर वर्षी गोंधळात टाकलंय, आणि एका वर्षी असं टाकलं की त्यातून मी अजून नीटशी बाहेर आलेली नाही.

मी गोंधळणारी बाई नाही. शाळेच्या ऑफिसात काम करते. परीक्षेला कोण कुठे बसणार, कुठल्या शिक्षिका कुठल्या वर्गावर, शाळेच्या बसने आधी कुठे थांबायचं आणि मग कुठे, हे सगळं माझ्याकडे असतं आणि ते चुकत नाही. पर्समध्ये एक यादी असते, फ्रिजवर एक, देवघराच्या फळीला आतून चिकटवलेली एक. कुठली यादी कुठे आहे याचीही एकदा यादी केली होती. सुधीर म्हणाला, "ही फ्रेम करून लावू. पाहुण्यांना घर समजायला सोपं जाईल."

बजेटची सवय माझ्या वडिलांची. मिरजेला संध्याकाळी रेडिओसमोर बसून ते कागदाच्या मधोमध रेघ मारायचे. एकीकडे स्वस्त, एकीकडे महाग. साबण, काड्यापेटी, पोस्टकार्ड, चहा. सिगारेट ते ओढत नसत, पण ती महाग झाली की त्यांना फार समाधान वाटे. मग तो कागद घेऊन ते आईकडे जात, आणि आई पोळी लाटता लाटता एकाच वाक्यात निकाल देई, की चहा दोनदाच होईल. बजेट आलं, घरात शिरलं, चहाच्या पातेल्यापर्यंत पोचलं. मधला रस्ता सगळा दिसत असे.

मी तशीच रेघ मारते, पण आता कागद भरत नाही. साबणाचा कर बजेटात ठरत नाही, तो वेगळीच एक परिषद ठरवते. पेट्रोलचा भाव त्या दिवशी सांगत नाहीत. मग स्वस्तच्या बाजूला मी काय लिहिलं होतं त्या वर्षी? बॅटरीत घालायच्या कुठल्याशा धातूची भुकटी. तशी भुकटी आमच्या घरात कधी आणल्याचं मला आठवत नाही. गाड्याघोड्यांचं तर विचारूच नका. सकाळी मी गुलाबी बसने शाळेत जाते, तिच्यात बायकांना तिकीट नाही. ती कृपा राज्य सरकारची. त्याच बसमध्ये सुधीर माझ्या शेजारी बसला तर त्याला तिकीट. मेट्रोत दोघांनाही तिकीट, कारण ती थोडी दिल्लीची आणि थोडी इथली. शेअर ऑटो कोणाचीच नाही, ती भरली की निघते. आता यातलं काय कुठल्या बाजूला लिहायचं?

सुधीरची रीत वेगळी. बजेटच्या आदल्या संध्याकाळी तो स्कूटरची टाकी काठोकाठ भरून आणायचा. त्याचे वडील लूनाची भरत, हा स्कूटरची भरी. मी दर वर्षी समजावायची की पेट्रोल उद्या वाढणार नाही, वाढायचं तर ते कुठल्याही दिवशी वाढेल. तो म्हणायचा, "वाढू दे की कधीही. टाकी भरलेली बरी." आणि रुमाल खिशात कोंबून निघायचा. परत आला की हाताला पेट्रोलचा वास आणि चेहऱ्यावर काहीतरी जिंकल्यासारखं.

त्या बजेटाआधीच्या दिवाळीच्या सुमारास त्याने आधी आमच्याच गेटाचा खांब घासला. मग एका उभ्या ऑटोचा आरसा तोडला. मग घरात, भर उजेडात, डावीकडच्या स्टुलाला अडखळून पडला आणि स्टूल मध्ये ठेवल्याबद्दल मला बोलला. स्टूल तिथे आम्ही राहायला आलो तेव्हापासून आहे. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून गेलो, तर डॉक्टरीणबाईंनी मशीनमध्ये बघून खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाल्या, "सार, ही बाजू कधीपासून दिसत नाही?" सुधीर म्हणाला, "कुठली बाजू?"

काचबिंदू. डाव्या डोळ्याची डावी बाजू गेली होती, आणि ती गेल्याचं त्याला कळलंच नव्हतं. जे दिसत नाही तिथे काळं दिसत नाही, असं त्या म्हणाल्या. तिथे काहीच नसतं, आणि ते नसणं आपल्या लक्षात येत नाही. हे मला तेव्हाही नीट कळलं नाही.

स्कूटर बंद झाली. सुधीरची नोकरी अण्णा नगरला, गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत, स्टोअर सांभाळायची. त्याने रजा टाकली. रजा वाढवली. शेवटी साहेबांचा फोन आला. भला माणूस, फार आडून बोलला, पण अर्थ सरळ होता, की फेब्रुवारीअखेर रुजू व्हा, नाहीतर तसं कळवा. त्यामुळे आमच्यापुढे प्रश्न एकच उरला. सुधीर एकटा घराबाहेर पडून अण्णा नगरला जाऊन परत येऊ शकेल का? उजवा डोळा चांगला असेल तर शक्य होतं. उजव्याच्या तपासण्या नुंगंबाक्कमच्या डोळ्यांच्या एका मोठ्या दवाखान्यात झाल्या, आणि रिपोर्ट नेमका बजेटच्या दिवशी मिळणार होता.

तोवर तो पुढच्या खोलीत कुरकुरणाऱ्या पंख्याखाली बसून राहायचा. मी विचारलं, घर बदलून अण्णा नगरला जाऊ या का? बजेट होऊ दे. छोटी गाडी घेऊन मी चालवायला शिकू का? बजेट होऊ दे. साहेबांना काय कळवायचं? त्याने वर पंख्याकडे पाहिलं. बजेटचा नि त्याच्या डोळ्याचा काय संबंध, हे विचारायचं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण मलाही तेव्हा एखादी अशी तारीख हवीच होती, जिच्यानंतर काहीतरी कळेल.

आता अक्कांबद्दल. राधाक्का आमच्या समोरच्या दारात राहतात. निवृत्त शिक्षिका, तंजावरच्या मराठी. त्यांचे पूर्वज तंजावरच्या राजांबरोबर इकडे आले, आणि मराठी त्यांनी तेव्हापासून घरातल्या घरात जपली, बाहेरचं वारं न लागू देता. मी 'म्हणाले' म्हणते तिथे त्या 'म्हणटलें' म्हणतात. मधेच तमिळ शब्द येतात आणि हेल तर पूर्ण तमिळच. मी पहिल्यांदा ती भाषा ऐकली तेव्हा मला वाटलं होतं, ओळखीच्या घरात कोणीतरी सगळं सामान हलवून ठेवलंय. त्यांना माझी मराठी पेपरातल्यासारखी वाटते. मी एकदा 'अर्थसंकल्प' म्हटलं तर त्यांनी विचारलं, "संकल्प? कोण पूजेला बसतांत?"

याच अक्कांनी मला एका घोळातून बाहेर काढलं होतं. लग्नानंतर मी मद्रासला आले ती पहिली महाशिवरात्र. उपासाला वरीचे तांदूळ हवे होते. तमिळ मला चार शब्दांपुरतं येत होतं. किराणावाल्याला इथे सगळे अण्णाची म्हणतात, एवढं शिकले होते. त्यांच्यापुढे उभी राहून म्हटलं, "अण्णाची, वरी वेणुम्." वरी हवी. ते माझ्याकडे बघत राहिले. मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. दुकानात हशा पिकला. अक्का तिथेच कढीपत्ता निवडत होत्या. त्यांनी मला बाजूला घेतलं. "वरी म्हणजे अपल्यांत धान्य. तमिळमध्यें वरी म्हणजे कर. टॅक्स. तुम्ही अण्णाचीकडें टॅक्स मागटलें." मग त्यांनीच सांगितलं की आपली वरी इथे सामै. अण्णाची पुढे कित्येक वर्षं मी दिसले की विचारायचे, "मा, यंदा वरी किती देऊ?"

त्या वर्षी बजेटच्या आदल्या संध्याकाळी मी शाळेतून आले तर सुधीर कपडे करून बसला होता. खिशात रुमाल.

"टाकी भरायची आहे," तो म्हणाला.

"कोणासाठी?"

"स्कूटरसाठी."

मला स्कूटर येत नाही. आजवर मागे बसले आहे, तेवढंच. वाद घालायचा तर मुद्दे माझ्याकडे भरपूर होते, आणि ते क्रमानेही लावता आले असते. पण तो चप्पल घालून दारात उभा होता, कितीतरी दिवसांनी. मग आम्ही स्कूटर ढकलत निघालो. तो हँडल धरून, मी त्याच्या डाव्या हाताला. रस्त्याला संध्याकाळची गर्दी. पावसाळ्यात पाणी कुठवर चढलं होतं त्याची रेघ भिंतींवर अजून होती, आणि आम्ही त्या रेघेच्या कडेने चाललो होतो. मी सांगत होते. डावीकडे खड्डा. डावीकडे भाजीची गाडी. डावीकडे कुत्रं झोपलंय. तो तेवढं तेवढं हँडल वळवायचा. इतक्या वर्षांत आम्ही त्या स्कूटरवर एवढं बोललो नसू.

पेट्रोल पंपाला इथे बंक म्हणतात. बंकवाल्याने आम्हाला ढकलत येताना पाहून विचारलं, "वंडी ओडलैया, सार?" गाडी चालत नाही का?

सुधीर म्हणाला, "वंडी ओडुम्. नान् दान् ओडलै." गाडी चालते, मीच चालत नाही.

बंकवाला खळखळून हसला, सुधीरही हसला. मी नोझलकडे बघत राहिले. येताना टाकी भरलेली, त्यामुळे स्कूटर जड लागत होती. चढावर मी मागून हात लावला. भरलेली टाकी घेऊन ती पार्किंगमध्ये तिच्या जागी उभी राहिली आणि सुधीरने तिच्यावर कापड घातलं, चारी कोपरे ओढून.

दुसऱ्या दिवशी शनिवार. अक्कांच्या मोतीबिंदूची तपासणी त्याच दवाखान्यात होती. म्हणाल्या, "तुमच्या रिपोर्टचा कव्हर मीच अणतें. तुम्ही दोघें कशाला येतां? एकच कागद तर." आम्ही घरीच थांबलो. टीव्हीवर भाषण सुरू झालं. मी कागद घेऊन रेघ मारली. मंत्रीबाई लाख कोटी म्हणत होत्या. लाख कळतं, कोटी कळतं, दोन्ही एकावर एक ठेवले की माझं डोकं थांबतं. मग भुकटीचं आलं, ते लिहिलं. मग आयकराचं आलं. अमुक रकमेपर्यंत कर नाही. सभागृहात बाकं वाजली. अँकर तर खुर्चीतून उठलाच. सुधीर म्हणाला, "म्हणजे आपल्याला नाही का?" मी म्हटलं, "नवी पद्धत घेतली तर नाही बहुतेक. पण मग घराच्या कर्जाची सूट जाते." तो म्हणाला, "मग जुनी घेतली तर?" मी म्हटलं, "जुनीत कर आहे, पण सूट आहे." त्याने माझ्या कागदाकडे पाहिलं. मग म्हणाला, "तू हे मला समजावतेयस की स्वतःला?"

अक्का आल्या तेव्हा ऊन चढलं होतं. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातलेले, त्यावर दवाखान्याने दिलेला काळा कागदी चष्मा. दाराची चौकट चाचपत त्यांनी पाकीट पुढे केलं आणि तोंडभर हसून म्हणाल्या, "वरी नाही हो, सुधीरराव. तुम्हां दोघांना अत्तां वरीच नाही."

सुधीर उठून उभा राहिला. "खरंच?"

"तर काय. तिथें सगळे तेंच बोलत होते. डाक्टर पण, नर्स पण. मी म्हणटलें, आधीं जाऊन यांना सांगायचें." आणि उजेड सोसवत नाही म्हणत त्या आपल्या दारात शिरल्या.

आमची मुलगी बंगळूरला असते. फोनवर तिचं दर दुसरं वाक्य 'डोंट वरी, बाबा' असं असतं. सुधीरच्या कानात ती वरी. त्याने भावाला साताऱ्याला फोन लावला. "हो, डॉक्टरांनीच सांगितलंय, काळजीचं काही नाही." मग साहेबांचा नंबर शोधायला लागला. मग ते सोडून स्वयंपाकघरात गेला आणि रवा कुठे आहे विचारलं. त्याला शिरा येतो, तेवढंच येतं. तूप तापल्याचा वास आला. तो गुणगुणत होता, आणि ते मी दिवाळीनंतर ऐकलं नव्हतं.

मी पाकीट हातात घेऊन उभी होते. पाकीट चिकटवलेलं होतं. अक्कांच्या डोळ्यांत थेंब होते, त्यांना दाराची चौकट दिसत नव्हती. मग त्यांनी वाचलं कधी? आणि डॉक्टर, नर्स, सगळे मिळून सुधीरच्या डोळ्याबद्दल का बोलतील? ही तमिळ वरी, म्हणजे कर असावी, हे तरीही मला पटेना. कारण अक्का आमच्याशी बोलताना इंग्रजी शब्द वापरतात, टॅक्स त्यांना टॅक्सच असतो. त्या शिकवायच्याही इंग्रजी. डॉक्टरांनी 'नो वरी' म्हटलं असेल आणि त्यांनी तेच आणलं असेल, हेही शक्य होतं. पाकीट फोडलं. आत डोळ्याचं चित्र, करड्या ठिपक्यांचं, एका कडेला थोडे दाट. खाली इंग्रजी अक्षरं आणि उणे-अधिकचे आकडे. प्रत्येक शब्द वाचता येत होता, आणि त्यातून एकही गोष्ट कळत नव्हती.

मी समोर गेले. अक्का अंधार करून पडल्या होत्या.

"अक्का, कुठली वरी नाही?"

"कुठली म्हणजे? सरकारची." त्या उठून बसल्या. "दवाखान्यांत टीव्ही होती. लोकं टाळ्या वाजवत होते. वरुमान वरी इल्लै, इन्कम टॅक्स नाही म्हणून. का?"

मी सांगितलं. त्यांनी काळा चष्मा काढला आणि त्या मोठ्या झालेल्या बाहुल्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अय्यो. मी सरकारचें बोलटलें, नीला. त्यांनीं डोळ्याचें घेतलें?"

"शिरा करतोय तो."

"शिरा." त्या पुटपुटल्या. मग डोळे मिचकावत, भिंतीचा आधार घेत माझ्यामागून आल्या. म्हणाल्या, सांगायचं तर मीच सांगेन, माझ्या तोंडून गेलंय.

सुधीर कढईत झारा फिरवत होता. अक्कांनी दोन वाक्यांत सांगितलं. तो ऐकत राहिला, झारा थांबला नाही. मग गॅस बारीक केला.

"म्हणजे कर नाही," तो म्हणाला. "काळजी आहे."

अक्का ओट्याला टेकल्या.

"पण आपल्याला कर नाही, हे तरी नक्की का?" त्याने मला विचारलं.

"ते पण नक्की नाही," मी म्हटलं.

आधी अक्का हसल्या. तोंडावर पदर धरून, वाईट वाटत असताना आवरत नाही तसं. मग सुधीर. शिरा तळाला लागला होता. आम्ही तिघांनी तो उभ्यानेच खाल्ला, करपलेल्या कडेसकट, आणि साहेबांना कोणी फोन केला नाही.

त्या दुपारबद्दल मी पुष्कळदा विचार करते. त्या घटकाभरात सुधीरचा डोळा काही बदलला नव्हता. रिपोर्ट पाकिटात होता तसाच होता. पण एक माणूस उठून स्वयंपाकघरात गेला होता, भावाशी मोठ्याने बोलला होता. आणि तिकडे टीव्हीवर ज्यांना कर माफ झाला होता तेही असेच कुठे कुठे उठले असतील, काहीतरी गोड करत असतील, सूट जाते हे कळेपर्यंत. ते चुकीचं ऐकून उठलेलं खरं की खोटं? मला हे कुठल्याच बाजूला लिहिता येत नाही. बजेटची बातमी आणि डोळ्याची बातमी, दोन्ही आमच्यापर्यंत कोणाच्या तरी तोंडून आल्या, भाषण आम्ही स्वतः ऐकलं, रिपोर्ट स्वतः वाचला, आणि शेवटी आमच्या हातात काय आलं हे कोणी विचारलं तर मला नीट सांगता आलं नसतं.

सोमवारी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. उजव्या डोळ्याला किंचित सुरुवात आहे, त्या म्हणाल्या. थेंब नियमाने घातले तर जिथे आहे तिथे थांबेल. बहुतेक. स्कूटर आता कधीच नाही.

"एकटा बाहेर जाऊ का?" सुधीरने विचारलं.

"जा की. मान वळवायला शिका. डोळा जात नाही तिथे मान न्यायची."

"सवय होईल?"

"काहींना होते."

मला हो किंवा नाही हवं होतं. 'काहींना' ऐकून मी पर्समधलं पेन परत पर्समध्ये ठेवलं.

मग सराव. रविवारी आम्ही दोघं निघालो. शेअर ऑटोने गिंडी, तिथून मेट्रो, आलंदूरला गाडी बदलायची, मग अण्णा नगर. मी सगळं सांगत होते. डावीकडे खांब. डावीकडे बाईची पिशवी. डावीकडे जिना सुरू. आलंदूरला एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जाताना, माणसांच्या लोंढ्यात, तो थांबला. "नीला," तो हळू म्हणाला, "तू माझ्या डाव्या डोळ्यात बसून बोलू नकोस. मला बघू दे." मी गप्प झाले. तो मान वळवत चालू लागला, तारेवर बसलेला पक्षी इकडे तिकडे बघतो तसा. दोनदा माणसांना धडकला. दोन्ही वेळा 'सॉरी सार' म्हणाला. त्यातलं एक माणूस बाई होती.

पुढच्या रविवारी मी मागून चालले, जरा अंतर ठेवून. ते त्याला आवडलं नाही. मागून येणारी तू मला दिसतच नाहीस, पण ऐकू येतेस, म्हणाला. माझ्या चपलांचा आवाज त्याला चिडवत होता. घरापर्यंत तो पुढे आणि मी मागे, तसेच आलो. अक्कांनी दारातून विचारलं, "काय झालें?" सुधीर म्हणाला, "चपला." अक्कांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि त्या आत गेल्या.

फेब्रुवारी संपत आला. ऊन कडक व्हायला लागलं होतं, लग्नं चालूच होती. ज्या दिवशी त्याला रुजू व्हायचं होतं त्या सकाळी मी रस्ता मोठ्या अक्षरांत लिहून चिठ्ठी तयार ठेवली होती. गिंडी, फलाट कुठला, आलंदूर, कुठल्या बाजूचा जिना. त्याने चिठ्ठी घेतली, वाचली, आणि परत माझ्या हातात दिली.

"असू दे. हरवलो तर विचारीन."

"कोणाला?"

"जो उजवीकडे असेल त्याला."

डबा घेतला, रुमाल घेतला. मी जिन्यापर्यंत गेले आणि तिथेच थांबले, कारण चपला घातल्या नव्हत्या, मुद्दाम. जिन्याशेजारच्या गॅलरीतून दिसलं, की शेअर ऑटो आली, त्याने मान पूर्ण वळवून दोन्ही बाजू पाहिल्या, हात केला आणि आत चढला. कोणीतरी सरकून जागा दिली. ऑटो भरली आणि निघाली.

मी शाळेत गेले. त्या दिवशी दहावीच्या सराव परीक्षेचे गठ्ठे लावायचे होते. एकाच वर्गाचे गठ्ठे मी दोनदा लावले, आणि शिपाईमावशींनी ते माझ्या लक्षात आणून दिलं. फोन टेबलावर समोर होता. तो पोचायची वेळ आली, गेली. मी स्वतःला सांगितलं की आलंदूरला गाडी उशिरा येते. मग सांगितलं की साहेबांच्या केबिनमध्ये असेल. त्यानंतर सांगायला काही सुचेना.

फोन वाजला.

"पोचलो," सुधीर म्हणाला. मागे गाड्यांचे हॉर्न.

"ऑफिसात?"

"नाही."

"अण्णा नगरला तरी?"

"बहुतेक नाही. समुद्राचा वास येतोय गं. अण्णा नगरला समुद्र नाही ना?" त्याचा आवाज विलक्षण मोकळा होता. "गिंडीला उलट्या बाजूच्या गाडीत बसलो वाटतं. डावीकडच्या फलाटाकडे बघायचंच राहिलं. साहेबांना सांगितलंय, उशीर होईल म्हणून. थांब हां."

मग त्याने फोन कानापासून दूर नेला असावा. त्याचं मोडकं तमिळ ऐकू आलं, अण्णा नगर, अण्णा नगर, आणि त्यावर दोघातिघांचे आवाज एकदम. एक म्हणत होता बस, एक म्हणत होता मेट्रो, आणि एका बाईचं म्हणणं होतं की त्याने आधी जरा सावलीत यावं.

"नीला, तिघं तीन रस्ते सांगतायत," तो फोनवर परत आला. "मला यांचं ऐकू दे. ठेवतो."

फोन बंद झाला. मला त्या रस्त्यांपैकी बरोबर कुठला ते माहीत होतं, तीन वाक्यांत सांगता आलं असतं. बोट त्याच्या नावावर गेलंही. मग मी फोन पालथा ठेवला आणि पुढचा गठ्ठा ओढून घेतला.